वजन खरं सांगा, घोरणंही सांगा

(मी भूलतज्ज्ञ आहे. मागच्या महिन्यात या सदरात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी भूल कशी देतात याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त पत्रं वजनाबद्दलची होती. त्यातली चार निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.)

माझा धाकटा भाऊ ४२ वर्षांचा आहे. उंची ५ फूट ६ इंच, वजन १३८ किलो. दिवाळीच्या तोंडावर दुकानातच त्याला फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली, मेनिंजिओमा. सर्जन म्हणाले, काढावी लागेल. भुलेच्या डॉक्टरांनी मात्र ‘हाय रिस्क’ लिहून आमची सही घेतली. आता घरचे म्हणतात, आधी ३०-४० किलो उतरव, मग ऑपरेशन कर. खरं काय? धोका नेमका कशाचा? तो घोरतो फार, पण ते कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. — एक बहीण, इस्लामपूर

ताई, ते शेवटचं वाक्य घेऊन आधी परत दवाखान्यात जा. जाताना वहिनींनाही न्या. झोपेत मध्येच श्वास थांबतो का, गुदमरल्यासारखं होऊन तो दचकून उठतो का, हे शेजारी झोपणाऱ्या माणसालाच माहीत असतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते का, तेही सांगा. सदरा कितीच्या कॉलरचा लागतो ते सांगा. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर गेला की मी कान टवकारते. या सगळ्यावरून झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, आहे का याचा अंदाज येतो. तुमच्या भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४९ च्या जवळ आहे. एवढ्या वजनाचा घोरणारा पुरुष समोर आला की हा आजार आहे असं धरूनच मी तयारीला लागते.

आता धोक्याबद्दल. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि पाणी (मेंदूभोवतीचा द्रव) या तीनच गोष्टी असतात. एक वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. हे स्कॉटलंडच्या मन्रो आणि केली या दोन डॉक्टरांनी अनुक्रमे १७८३ आणि १८२४ मध्ये मांडलं, आणि आजही आमचं सगळं गणित त्यावरच चालतं. तुमच्या भावाच्या पेटीत गाठ ही चौथी भाडेकरू येऊन बसली आहे. शिल्लक जागा थोडी. अशा वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. हा वायू पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात; दर एक मिलिमीटरमागे मेंदूकडे जाणारं रक्त साधारण ३ टक्क्यांनी वाढतं. नेहमीच्या ४० चे ५० झाले तर केवढा फरक पडेल, तुम्हीच हिशेब करा. कवटी उघडल्यावर सर्जनला मेंदू मऊ, खाली बसलेला हवा असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला तर तो फुगून वर येतो.

आणि नेमका हाच वायू जड माणसात पटकन साठतो. आडवं झोपलं की पोटाचा भार छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्यावर येतो, पडदा छातीत वर सरकतो आणि फुप्फुसात हवेचा साठा कमी उरतो. भूल देताना, श्वास थांबल्यापासून घशात ट्यूब बसेपर्यंतचा वेळ हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक वेळ. आधी नीट ऑक्सिजन दिलेला सडपातळ, निरोगी माणूस त्या अवस्थेत साधारण ८ मिनिटं तग धरतो. अतिलठ्ठ माणसाचं सॅच्युरेशन ३ मिनिटांच्या आतच खाली येऊ लागतं. त्यात मान आखूड, घशात चरबी, जीभ जाड. म्हणजे काम अवघड आणि वेळ अपुरा.

म्हणून अशा रुग्णाला मी आदल्या रात्री झोपेची गोळी देत नाही. घरचे म्हणतात, ‘मॅडम, फार घाबरलाय, काहीतरी द्या ना.’ मी नाही म्हणते आणि त्याऐवजी रात्री पाच-दहा मिनिटं कॉटजवळ जाऊन बसते. गोळीने श्वास मंदावतो, वायू साठतो, आणि गाठीमुळे आधीच भरलेल्या पेटीत आणखी दाब वाढतो. पहाटे तो गाढ झोपलेला दिसतो आणि वॉर्डात कुणाला शंकाही येत नाही.

ओटीत पहिलं काम चादरींचं. खांद्याखाली, पाठीखाली घड्या रचत जायचं, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत येईपर्यंत. याला आम्ही रॅम्प म्हणतो. दिसायला साधं आहे, पण त्याने ट्यूब टाकणं जेवढं सोपं होतं तेवढं महागड्या यंत्रानेही होत नाही. मग टेबल डोक्याकडून २५ अंश वर, मास्क घट्ट, निदान ३ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. इथे फुप्फुस आणि मेंदू दोघांचं पटतं: डोकं वर असलं की पोट खाली उतरतं आणि मेंदूतलं रक्तही खाली यायला वाट मिळते. हातात व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं हत्यार) असतो, शेजारी दुसरा अनुभवी भूलतज्ज्ञ. घसा फारच अवघड वाटला तर रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, दुर्बिणीवरून ट्यूब टाकतो. त्याची कल्पना रुग्णाला आधी दिली तर बहुतेक जण छान साथ देतात.

मान वळवण्याचंही सांगते. गाठ एका बाजूला असली की डोकं विरुद्ध बाजूला वळवून पिनांमध्ये घट्ट बसवतात. आखूड, जाड मान जास्त पिळली तर मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरा दबतात आणि मेंदू फुगतो. म्हणून मान कमी वळवून खांद्याखाली उशी देतो, नाहीतर सगळं टेबलच कलतं करतो. यावर सर्जन आणि मी कधीकधी दहा मिनिटं वाद घालतो. ती दहा मिनिटं मला कधीच वाया गेलेली वाटली नाहीत.

पण मला जास्त काळजी असते ती शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीची. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीचा, सव्वाशे किलोचा गृहस्थ. गाठ छान निघाली, टेबलावर जागा झाला, हात वर केला, ट्यूब काढली, आयसीयूत पाठवला. रात्री अकराला सिस्टरचा फोन: ‘पेशंट हाक मारली तर ओ देतो आणि परत झोपतो.’ मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सुस्ती आली की पहिली भीती आत रक्त साचल्याची. तातडीने सीटी केला. सीटी स्वच्छ. मग धमनीतल्या रक्ताची तपासणी केली, कार्बन डायऑक्साइड ७८. दुखण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनने आणि त्याच्या जुन्या, कुणालाच न सांगितलेल्या स्लीप ॲप्नियाने मिळून हे केलं होतं. सर्जनशी बोलून मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन लावलं, डोकं वर केलं, पहाटेपर्यंत मी तिथेच होते. सकाळी चहा मागितला त्याने. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ‘घोरतात, पण चारचौघांत नवऱ्याचं घोरणं कसं सांगायचं?’ त्या माउलीचा दोष नव्हता. मी तिला वेगळं बसवून विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी पेशंटच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला वेगळं बोलावून विचारते.

त्या रात्रीपासून आणखी एक सवय लागली. डोक्याच्या कातडीच्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं भूल दिल्यावर लगेच देते. त्यामुळे मॉर्फिनसारखी औषधं फार कमी लागतात, दुखणं पॅरासिटामॉलवर भागतं, आणि रुग्ण लख्ख जागा राहतो. जागा राहिला तरच मेंदूचं काय चाललंय ते कळतं.

आता वजन उतरवण्याचं. मेनिंजिओमा बहुधा सावकाश वाढणारी गाठ असते, पण फिट आली आहे. गाठीभोवती सूज किती, गाठ कुठे, हे पाहून थांबायचं की नाही ते न्यूरोसर्जनच ठरवतील, नातेवाईक नव्हे. ४० किलो उतरायला वर्ष जाईल. शिवाय सुजेसाठी डेक्सामेथासोन सुरू असेल तर त्याने भूक आणि साखर दोन्ही वाढतात, अशा वेळी उपास काढून काहीच साधत नाही. सर्जनने दोन-तीन आठवडे दिले तर ते सोन्यासारखे वापरा: झोपेची तपासणी, गरज असेल तर रात्री सीपॅपची (मास्कमधून दाबाची हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनची) सवय, साखर आणि बीपी ताब्यात, रोज चालणं, आणि तंबाखू-मिश्री त्या दिवसापासून बंद. फिटच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. डॉक्टरांना विचारून घ्या, उपाशीपोटी म्हणून चुकवू नका.

‘हाय रिस्क’ची सही मागितली म्हणून घाबरू नका, पण सही करताना विचारा. रात्री आयसीयूत बायपॅप आहे का? धमनीच्या रक्ताची तपासणी रात्री दोन वाजता होते का? ओटी टेबल किती किलोचं आहे? प्रत्येक टेबलाची वजनाची मर्यादा ठरलेली असते आणि टेबल उलट दिशेने, म्हणजे डोक्याच्या जागी पाय करून, वापरलं की ती कमी होते, म्हणून मी स्वतः पाटी वाचते. आणि भावाचं वजन खरंच काट्यावर घेतलं आहे की अंदाजे लिहिलं आहे, हेही विचारा. १२० ला थांबणारा काटा असल्यामुळे फाइलवर ‘१२०+’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. एका रुग्णाला धान्याच्या गोदामातल्या काट्यावर नेऊन वजन करून आणलं होतं. तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. कुणाही रुग्णावर ती वेळ येऊ नये. व्हीलचेअरसकट वजन घेणारे काटे मिळतात, दवाखान्यांनी ते घ्यावेत.

भूल वजनावर देतात असं ऐकलं आहे. मग १४० किलोच्या माणसाला ७० किलोच्या माणसाच्या दुप्पट भूल लागते का? — एक निवृत्त शिक्षक, परभणी

सर, प्रश्न फार नेमका आहे. नाही लागत, आणि दुप्पट दिली तर रक्तदाब कोसळेल. वरच्या पत्रातल्या भावाचंच उदाहरण घेऊ. त्याच्या १३८ किलोंपैकी चरबी सोडून उरणारं वजन सूत्राने काढलं तर ७४ किलोच्या आसपास येतं. झोपवण्यासाठी प्रोपोफॉल मी त्या ७४ वर मोजते, कारण पहिल्या मिनिटात औषध जातं ते मेंदू, हृदय, यकृताकडे, आणि चरबीला रक्त कमी मिळतं. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम उंचीनुसार जे आदर्श वजन असायला हवं त्यावर. पण त्याच कामाचं जुनं औषध, ज्याला आम्ही ओटीत स्कोलीन म्हणतो, ते मात्र पूर्ण १३८ वर, नाहीतर अपुरं पडतं. एकाच माणसाची तीन वजनं माझ्या कागदावर लिहिलेली असतात. तासन्‌तास चालणाऱ्या भुलेत चरबीत औषध मुरत जातं आणि शेवटी हळूहळू परत रक्तात येतं, तेव्हा जागं व्हायला वेळ लागतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तो उशीर परवडत नाही, म्हणून पटकन उतरणारी औषधं निवडतो, भुलेची खोली कपाळावरच्या पट्टीने मोजतो, आणि स्नायूंची ताकद पूर्ण परत आल्याचं यंत्रावर दिसल्याशिवाय ट्यूब काढत नाही.

माझ्या आईला (५६, वजन ९६ किलो) कुशिंगचा आजार आहे, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढलं आहे. पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकातून काढणार आहेत. ती दोन वर्षं रात्री सीपॅप लावून झोपते. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर सीपॅप अजिबात लावायचा नाही. पण त्याशिवाय तर तिचा श्वास अडतो! मग तिने झोपायचं कसं? — एक मुलगा, चिपळूण

तुमची घालमेल अगदी बरोबर आहे. या एका ठिकाणी आमच्या दोन नियमांची टक्कर होते. एरवी मी हट्टाने सांगते, स्वतःचं सीपॅप मशीन घेऊनच दवाखान्यात या. पण नाकातून पिट्युटरीपर्यंत जाताना कवटीच्या तळाचं पातळ हाड काढतात. तिथे बसवलेलं पॅच भरून यायच्या आत नाकात दाबाची हवा सोडली तर ती त्या वाटेने कवटीत शिरू शकते, आणि मेंदूचं पाणी नाकातून गळायला लागू शकतं. म्हणून सीपॅप काही आठवडे बंद. नेमके किती, ते सर्जन आतली दुरुस्ती पाहून सांगतील. त्यांनी सांगेपर्यंत घरीसुद्धा एक रात्रही लावू नका, आईने कितीही विनवलं तरी.

मग झोपायचं कसं? अर्धवट बसून, पाठीला ३० ते ४५ अंश टेकू देऊन. पहिल्या रात्री आयसीयूत, बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा सतत. नाकात बोळे असतील, म्हणजे तोंडानेच श्वास घ्यावा लागेल. याचा सराव आत्तापासून करून घ्या: रोज संध्याकाळी नाक चिमटीत धरून दहा मिनिटं तोंडाने शांत श्वास. माझ्या ज्या रुग्णांनी हे केलं ते जागं होताना घाबरले नाहीत. न केलेल्यांपैकी काही जण नाक बंद पाहून ट्यूब निघता निघता झटापट करायला लागले होते. गुंगीची औषधं अगदी कमी. घरी आल्यावर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जोर लावून शौचाला बसायचं नाही. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं किंवा घशात खारट लागलं तर त्याच दिवशी फोन करा.

कुशिंगमध्ये आणखी काही गोष्टी असतात. मानेखाली पाठीवर चरबीचा उंचवटा येतो, त्याने डोकं मागे जात नाही, म्हणून रॅम्प इथेही लागतो. कातडी कागदासारखी पातळ होते. सलाइनची चिकटपट्टी ओढून काढली तर सालपट निघतं. सिस्टरना आधीच सांगून ठेवा. रक्तातलं पोटॅशियम कमी असू शकतं, साखर आणि बीपी जास्त.

ज्यांच्या नावाचा हा आजार आहे ते हार्वी कुशिंग अमेरिकेतले मेंदूचे सर्जन. १९१२ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं. पण आम्ही भूलतज्ज्ञ त्यांचं ऋण वेगळ्या कारणाने मानतो. वैद्यकीचे विद्यार्थी असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ते शल्य त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे १८९४ मध्ये ते आणि त्यांचे सहाध्यायी कॉडमन यांनी भूल चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर टिपत जायला सुरुवात केली. आईच्या शस्त्रक्रियेत दर पाच मिनिटांनी जो तक्ता भरला जाईल त्याची सुरुवात तिथली आहे.

मी ३४ वर्षांची आहे, वजन १०४ किलो. डोक्यातला दाब वाढून दिसायला धूसर होतं. नजर वाचवण्यासाठी शंट (डोक्यातलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) टाकायचं ठरलं आहे. गेले चार महिने मी वजन कमी करायचं आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन घेते. हे घरी कुणालाच माहीत नाही. सासरी वजनावरून खूप बोलतात, आणि ‘पैसे देऊन बारीक होतेय’ असं ऐकायची माझी ताकद नाही. भुलेच्या डॉक्टरांना सांगणं गरजेचं आहे का? — एक वाचक, ठाणे

हो, फार गरजेचं आहे. आणि आधी हे ऐक: तुझ्या आजारात वजन थोडं जरी उतरलं तरी डोक्यातला दाब कमी व्हायला मदत होते. तू चोरून केलेली गोष्ट तुझ्या डोळ्यांसाठीच केली आहेस. लाज वाटायचं त्यात काही नाही. ‘अगं-तुगं’ केलं, राग मानू नकोस, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. आपण साधारणपणे हलकं खाणं ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद करतो. या औषधावर असलेल्या माणसाच्या पोटात तेवढे तास उपाशी राहूनही अन्न असू शकतं. भुलेत घशाचा पहारा सुटतो, ते अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी एक आठवडा बंद ठेवा असं सुचवलं होतं. २०२४ मध्ये ते सैल झालं: रुग्ण पाहून ठरवा, हवं तर आदले २४ तास फक्त पातळ पदार्थ द्या, शंका आली तर सोनोग्राफीने पोट पाहा. म्हणजे बंद करायचं की चालू ठेवायचं, हे तुझे डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी त्यांना ते माहीत हवं. मळमळ, पोट फुगल्यासारखं, ढेकरा असं काही होत असेल तर तेही सांग. दाबासाठी डायमॉक्सच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही नाव सांग. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि रक्ताची आम्लता बदलते, आमच्या हिशेबात ते लागतं.

आणि हे सासरी कळायची गरज नाही. भुलेआधीच्या तपासणीला गेलीस की आत शिरल्यावर म्हण, ‘मला एकटीला बोलायचं आहे.’ बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगणं हे डॉक्टरचं काम आहे, तुझं नाही. मी रोज दोन-तीनदा सांगते, कुणालाही त्याचं काही वाटत नाही. बोलायचं धाडस झालं नाही तर चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि शेवटचं कधी घेतलंस ती तारीख लिहून दे. शक्य असेल तर इंजेक्शनचं पेनच रुमालात गुंडाळून पर्समध्ये घालून ने; लेबल पाहिलं की डॉक्टरांना पुढचं काही विचारावं लागणार नाही.